काड्यांची माणसं: एका लघुपटाच्या कामाच्या नोंदी

11 जून

फिल्मला अजून नाव नाही. वहीवर तूर्त 'काका' एवढंच लिहिलंय. विषय असा: बेळगावात उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एका फाउंड्रीत (ओतशाळेत) स्टोअर सांभाळणारा माणूस, राहणार वडगाव, मटेरियल स्लिपांच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रकथा लिहितो. लिहितो म्हणजे फक्त लिहितोच, चित्र काढायला येत नाही. चौकटी आखायच्या, त्यात काड्यांची माणसं उभी करायची, डोक्यावर फुगा, फुग्यात बोलणं. मग ओळखीतलं कोणीतरी त्यावरून नीट चित्रं काढून देतं, झेरॉक्स होते, पिना मारल्या जातात, आणि आठ-दहा प्रती केस कापायच्या दुकानात नाहीतर चहाच्या गाड्यावर जाऊन पडतात. शेवटच्या पानावर 'वाचून झाल्यावर इथंच ठेवा' असं लिहिलेलं असतं. लोक बिनदिक्कत घरी नेतात.

आज बेंदूर, काकांना अर्धी सुट्टी. घरी जाऊन विचारलं. म्हणाले, "माझ्यावर फिल्म काढतोस? मी काय केलोय गा?" नाही म्हणाले नाहीत. लेखी परवानगी मात्र आताच घेतली. त्यावर सही करताना त्यांनी कागद दोनदा वाचला आणि एक शुद्धलेखनाची चूक दाखवली.

14 जून

सगळ्यांनी बसून 'अमेरिकन स्प्लेंडर' पाहिला. हार्वी पेकार या माणसावरचा 2003 चा सिनेमा. पेकार क्लीव्हलंड शहरात, माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात फायली लावणारा कारकून. 2001 साली निवृत्त होईपर्यंत नोकरी तीच. 1976 पासून तो स्वतःच्या रोजच्या जगण्यावर याच नावाचं कॉमिक काढत होता. चित्रकला त्यालाही येत नव्हती. काड्यांची माणसं आखून तो चित्रकारांना द्यायचा. पहिल्या चित्रकारांतला एक रॉबर्ट क्रम्ब, ज्याच्याशी ओळख 1962 साली जुन्या जॅझ रेकॉर्डी जमवायच्या नादातून झाली होती.

आमच्या उपयोगाचं आहे ते सिनेमाच्या बांधणीत. शारी स्प्रिंगर बर्मन आणि रॉबर्ट पुलचिनी ही दिग्दर्शक जोडी मुळात माहितीपट करणारी. पेकारचं काम त्यांनी पॉल जियामाटीला दिलं, पण खऱ्या पेकारला बाहेर ठेवलं नाही. निवेदन त्याच्याच घोगऱ्या आवाजात आहे. अधूनमधून एका पांढऱ्याफटक रिकाम्या सेटवर तो स्वतः येऊन बसतो आणि प्रश्नांना वैतागून उत्तरं देतो. एके ठिकाणी तर नट आपला प्रसंग संपवून मागं खुर्चीवर टेकतात, आणि खरा पेकार व त्याचा खरा सहकारी टोबी रॅडलॉफ पुढं येऊन जेली बीन्स नावाच्या गोळ्यांवर चर्चा करत राहतात. नट बसून ऐकतायत! टीव्हीवरच्या लेटरमनच्या मुलाखतींच्या कार्यक्रमात पेकार जायचा, त्याचं जुनं चित्रणही असंच वापरलंय: आत जातो तो नट, टीव्हीच्या पडद्यावर दिसतो तो खरा माणूस.

अशानं गोंधळ व्हायला पाहिजे होता. होत नाही, कारण त्याच्या कॉमिकमध्येही प्रत्येक चित्रकाराच्या हातचा पेकार वेगळा होता. ज्यॉईस ब्रॅबनर त्याला भेटायला पहिल्यांदा क्लीव्हलंडला येते तेव्हा यातला कुठला पेकार न्यायला आला असेल, हाच तिला प्रश्न पडतो. पुढं दोघांचं लग्न झालं.

आमच्या कॅमेरावाल्याची शंका: "ह्यात इंटरव्हलला काय होतंय?"

काही होत नाही. कॅन्सर होतो, हे खरं. त्या वर्षावर नवरा-बायकोंनी मिळून 1994 साली एक पुस्तकही केलं, चित्रं फ्रँक स्टॅकची. पण कॅन्सरमधून उठल्यावर हा माणूस शहाणा होत नाही, गोड होत नाही. कुरकुर तीच, नोकरी तीच. आपल्याकडे चरित्रपटात माणसाला शेवटपर्यंत मोठा करायची सवय आहे. त्याच्या आजारपणाचासुद्धा हिशेब ठेवून शेवटी फळ देतात. काकांना काहीही फळ द्यायचं नाही, हे आज ठरवून टाकलं. या फिल्मचं काम तेवढंच.

22 जून

काकांच्या घरी कपाटातला गठ्ठा काढला. तारखा नाहीत. कुठल्या स्लिपेचा नमुना कुठल्या साली छापला होता यावरून काका साल सांगतात, आणि ते बरोबर येतं.

तीन कथा पक्क्या केल्या.

'हातमोजे': फाउंड्रीत जुना मोजा जमा केल्याशिवाय नवा जोड द्यायचा नाही असा नियम. एक कामगार एकच मोजा घेऊन येतो, दुसरा जळाला. स्टोअरवाला (म्हणजे काका) म्हणतो, एक जमा केलास, एक घेऊन जा. कामगार म्हणतो, डावा द्या. जोड फोडायचा कसा यावर तीन पानं हुज्जत. शेवटच्या चौकटीत दुसरा एक कामगार येतो, त्याचा उजवा जळालेला असतो.

'उतारा': काका कामाला एका सरकारी खिडकीपाशी रांगेत. हातातला कागद कन्नडमध्ये. काकांना कन्नड बोलता येतं, अक्षरंही लागतात, पण कचेरीतले शब्द डोक्यात शिरत नाहीत. शेजारी एक म्हातारा शेतकरी, घरची भाषा कन्नड, पण शाळेचं तोंड न बघितलेला. मग काका अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचतात, म्हातारा अर्थ सांगतो, आणि दोघं मिळून एक कागद वाचून काढतात. कागदावर लिहिलेलं असतं की अर्ज दुसऱ्या खिडकीला द्यावा.

'दुसरं गेट': टिळकवाडीतलं रेल्वेचं दुसरं गेट पडलंय. सहा चौकटींचं पान, सहाही चौकटींत गेट बंद. पुढचं पानही तसंच. फक्त मागं थांबलेल्या गाड्या वाढत जातात आणि लोक हळूहळू समोरून येणाऱ्यांची बाजूही अडवतात. गाडी जाते, गेट उघडतं, दोन्ही बाजूंनी रस्ता भरून लोक समोरासमोर. कोणीच हलू शकत नाही. पहिल्या दोन पानांत एकही फुगा नाही.

हे शेवटचं काम कोणी शिकवलं, विचारलं. "शिकवायला काय गा, थांबतोच की रोज."

लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स वाचायचे. 1964 ते 1990 या काळात टाइम्सवाले ती काढायचे, मराठीतही यायची. वेताळ त्यांना आवडायचा पण एक प्रश्न सुटला नाही: "तो रविवारी काय करतंय, ते कुठंच नाही." 'अमेरिकन स्प्लेंडर'च्या सुरुवातीला हॅलोविनच्या दिवशी सगळी पोरं सुपरमॅन, बॅटमन होऊन आलेली असतात आणि हा छोटा पेकार अंगावरच्या कपड्यांत उभा असतो. त्या प्रसंगाबद्दल आम्ही काकांना काही सांगितलं नव्हतं.

30 जून

नट मिळाला. खानापूरकडचा, हौशी नाटकातला, पोटासाठी पतसंस्थेत. चेहरा काकांसारखा अजिबात नाही, आणि तसा शोधायचाही नव्हता. अडचण निघाली बोलण्याची. वाचनाला बसला तो थेट पुलंच्या रावसाहेबांच्या थाटात. बेळगावचं मराठी म्हटलं की नटाचा हात त्याच फळीवर जातो: आवाज चढवायचा, शिवी पेरायची, हशा घ्यायचा. रावसाहेब थोर, पण ते दरबार भरवणारे. काका हळू बोलतात, वाक्य अर्धं सोडतात आणि 'मग काय तर' म्हणून गप्प बसतात. हशा घेणारा माणूस वेगळा आणि स्टोअरच्या जाळीमागं बसून ऐकणारा वेगळा. नटाला आठवडाभर फाउंड्रीबाहेरच्या चहाच्या गाड्यावर बसायला सांगितलंय. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं.

6 जुलै

पेंटरकडे. काकांच्या सर्वांत जास्त कथा यांनी काढल्यात. बोर्ड रंगवण्याचा धंदा. फ्लेक्स आल्यावर बसला होता. 2024 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालं, तेव्हा थोडे दिवस ब्रशाला पुन्हा काम आलं म्हणतात. स्वतः कन्नड बोलणारे. काकांशी मराठीत बोलतात, आमच्याशी मिसळ. फुग्यातली मराठी अक्षरं मात्र अशी काढतात की शाळेत पाटीवर गिरवायला द्यावीत.

त्यांची रेघ जाड, बोर्डाच्या सवयीची. चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षकांनी काढलेल्या कथांत काका उंच आणि विचारवंत दिसतात. भाचीनं काढलेल्यांत डोळे मोठाले, जपानी कार्टूनसारखे. आम्ही तिन्ही काका ठेवणार. पानं स्कॅन करताना झेरॉक्सवरून नाही, मूळ कागदावरून, सहाशे डीपीआयला. पेंटरच्या रेघेच्या कडेला ब्रशचे केस उमटलेत, ते पडद्यावर दिसले पाहिजेत.

श्रेयनामावलीत कोणाचं नाव आधी, हे आत्ताच विचारून ठेवलं. पेंटर म्हणाले, काकांच्या खाली चालेल, शिक्षकांच्या खाली चालणार नाही.

13 जुलै

फाउंड्रीत चित्रीकरण. मालकांनी रविवारी बंद असताना परवानगी दिली. पण बंद फाउंड्री म्हणजे काळी वाळू आणि शांतता. शेवटी ओतकामाच्या एका दिवशी तासभर कोपऱ्यात उभं राहायला मिळालं, हेल्मेट-बूट घालून, पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर न जाता.

नोंद करण्यासारखं:

वितळलेल्या धातूचा रस ओतताना तापमान चौदाशे अंशांच्या आसपास. कॅमेऱ्याला तो पांढरा डाग दिसतो आणि बाकी सगळं काळं. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावून रसाचा रंग मिळाला, पण माणसं गेली. मग रस दाखवायचाच नाही असं ठरलं, फक्त स्टोअरच्या जाळीवर पडलेला नारिंगी उजेड दाखवायचा. काका तिथंच असतात. तीस वर्षांत त्यांनी रस पाहिला तो असाच, जाळीतून.

ट्यूबलाइटचं लुकलुकणं: आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून पंचवीस फ्रेमला शटर 1/50. कोणीतरी 1/60 ला ठेवलं होतं, पहिले शॉट पट्ट्यापट्ट्यांचे आलेत.

आवाज वेगळे घेतले: ग्राइंडरचा, मोल्डिंग मशीनचा, बेंटोनाइटचं (साच्याच्या वाळूत मिसळायच्या मातीचं) पोतं टाकल्याचा, रबरी शिक्क्याचा. शिक्का सगळ्यांत चांगला आलाय.

27 जुलै

काकूंची मुलाखत घ्यायची ठरली होती. त्यांनी उलटतपासणीच घेतली. सगळ्या कथा वाचल्यात, पहिल्यापासून. तक्रार एकच: "प्रत्येक पानावर मी चुलीपुढं. मी बी बसतो की कवातरी! बसल्यालो एकदा तरी दाखवा." आणि आमच्याकडे बघून, "तुमी तरी."

पेकारच्या सिनेमात ज्यॉईस स्वतः येऊन हेच सांगते: तो आमच्या घरातलं दुःख उचलून लिहितो, बरं चाललेलं असेल तर त्याला त्यात गोष्ट दिसत नाही. काकूंचं म्हणणं निराळं. त्यांना दुःखाबद्दल काही हरकत नाही, ओट्याबद्दल आहे. काकांनी ऐकून घेतलं, उठून चहा केला. तो शॉट आमच्याकडे आहे, काका गॅसपाशी आणि काकू खुर्चीवर, आणि दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. मुलाखतीचं चित्रण असंच लांब ठेवावं, मधे तोडू नये.

काकूंचं काम करायला पुण्याहून येणार होत्या त्यांना नको म्हणून कळवलं. काकू स्वतःच पुरेशा आहेत.

9 ऑगस्ट

पैसे देऊ करणारे एक गृहस्थ भेटले. पटकथा वाचून म्हणाले, बेळगावची फिल्म आणि सीमाप्रश्न कुठाय? 1956 ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, 2004 पासूनचा सुप्रीम कोर्टातला दावा, एक नोव्हेंबरचा काळा दिन, किमान एक मोर्चा तरी. काका मोर्चात, हातात झेंडा, मागं घोषणा.

काका मोर्चाला गेलेत की. विचारलं तेव्हा म्हणाले, सायकल फेरीत असायचो, पुढं गुडघा धरला. पण त्यावर कथा लिहिली नाही. का, तर "त्यावर लिहिणारे आहेत गा." मी त्या गृहस्थांना 'उतारा' दाखवली. वाचून हसले आणि म्हणाले, छान आहे, पण यात भूमिका कुठं आहे?

या गावातला मराठी माणूस त्या खिडकीपाशी रोज उभा असतो. मोर्चा वर्षातून एकदा. मला तरी मोठा प्रश्न त्या कागदातच दिसतो, आणि दोन म्हाताऱ्यांनी तो मिळून वाचला म्हणून तो सुटलेला नाही, तेही दिसतं. अर्ज दुसऱ्या खिडकीलाच द्यायचाय. गृहस्थांचे पैसे आले नाहीत. किल्ल्यावरून ड्रोन, कुंद्याच्या दुकानातली वाफ आणि 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर या तीन गोष्टी टीममधूनच पुन्हा पुन्हा पुढं येत होत्या. ड्रोनचं भाडं परवडणार नसल्यामुळं तेवढा वाद तरी मिटला.

28 ऑगस्ट

गणपती. विसर्जनापर्यंत कोणी भेटणार नाही. पेंटर मंडळाच्या कामात, नट आरतीत.

14 सप्टेंबर

काका आणि नट पहिल्यांदा समोरासमोर. जागा: काकांच्याच घरातली पुढची खोली. भिंतीला पांढरी चादर लावून मागचं सगळं झाकलं, ही उचल सरळ त्या सिनेमावरून.

ठरलं होतं असं: नट 'हातमोजे'तला स्टोअरवाल्याचा प्रसंग करेल, मग काका चादरीपुढं येऊन त्याबद्दल दोन वाक्यं बोलतील. नटानं प्रसंग केला. आता चांगला करतोय, रावसाहेब पूर्ण गेलेत. काका कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत होते. प्रसंग संपला, आणि काका कॅमेऱ्याकडे न येता नटाकडे गेले. मोजा त्याच्या हातातून घेतला, उलटा केला, शिवण बघितली. म्हणाले, "असा नाही जमा करून घेत. आधी आत हात घालून बघायचं. भोक कुठं पडलंय बघायचं. अंगठ्याला असलं तर ग्राइंडरवाला, तळव्याला असलं तर ओतकामवाला. खोटं बोलत असला तर इथंच कळतंय." मग नटानं तसं केलं. काकांनी मान हलवली. पुन्हा सांगितलं. नटानं पुन्हा केलं. कॅमेरा चालू होता आणि थांबवायचं कोणाला सुचलं नाही, हे फार बरं झालं.

कथेत हे नाही. चित्रात मोजा नुसता मोजा आहे. पेंटरनं काढला, शिक्षकांनी काढला असता तरी तसाच निघाला असता, कारण काड्यांच्या माणसांच्या हाताला बोटंच नसतात. काकांना माहीत असलेली निम्मी गोष्ट त्या आराखड्यातून चित्रकारापर्यंत कधी पोचलीच नाही, आणि त्यांनी तक्रारही केली नाही. पेकार आपल्या आराखड्यावर चित्रकारांसाठी सूचना लिहायचा, फोनवर कथा वाचून दाखवायचा. काकांनी कागद दिला की दिला.

म्हणजे आता फिल्मला मधला भाग मिळाला: नट करतो, काका दुरुस्त करतात, नट पुन्हा करतो. तिन्ही कथांना हेच. 'उतारा'साठी त्या म्हाताऱ्याच्या कामाला पेंटरना विचारायचं.

5 ऑक्टोबर

एडिटिंग. संगीताचा घोळ. काकांकडे कुमार गंधर्वांच्या कॅसेटी आहेत, बऱ्याच. कुमार इथून जवळच्या सुळेभावीत जन्मलेले, 1924 साली, त्यामुळे हक्कानं ऐकतात. एडिटरनं एक भजन शेवटाला लावून बघितलं. ऐकताना सगळे गप्प झाले, आणि म्हणूनच काढायला लावलं. कुमारांच्या आवाजाखाली फाउंड्रीचं गेटसुद्धा संत वाटायला लागतं. शिवाय ध्वनिमुद्रणाचे हक्क आपल्याला झेपणारे नाहीत. कॅसेट घालताना टेपरेकॉर्डरचा खटका आणि सुरुवातीची खरखर ठेवली, गाणं सुरू व्हायच्या आत कट.

चौकटी हलवायच्या की नाही, यावर वाद. भाचीच्या ओळखीच्या पोरानं 'दुसरं गेट' अॅनिमेट करून आणलं. गाड्या हलतात, धूर येतो. सुंदर केलंय, पण गंमत जाते. कागदावर वाचणारा स्वतःच्या चालीनं एका चौकटीवरून दुसरीवर जातो, इथं आपण त्याला ओढतो. ठरलं: चित्र स्थिर, आवाज चालू. इंजिन बंद केल्याचा, हॉर्नचा, कोणाच्या तरी मोबाइलचा. फुगे नाहीतच.

19 ऑक्टोबर

पहिला कट काका-काकूंना दाखवला. एडिटरच्या खोलीत, लॅपटॉपवर.

काकू स्वतःच्या चहाच्या शॉटला हसल्या. पेंटरचं काम बघून म्हणाल्या, हा बोलतंय बरं की. काका पूर्ण वेळ गप्प. संपल्यावर विचारलं. मोज्याचा भाग बरा झालाय म्हणाले. नटाला पाठवा एकदा स्टोअरला, सुट्टीवर जाईन म्हणाले. मग थोड्या वेळानं: "गेट लई लौकर उघडलंय."

एडिटरनं समजावलं, लोक कंटाळतात, मोबाइल काढतात. काका म्हणाले, "काढू दे की. तिथं बी काढतात."

तो भाग पुन्हा लांब केला. दोन्ही पानं, बाराही चौकटी, एकही न गाळता. त्यासाठी 'हातमोजे'तलं नटाचं पहिलं, न दुरुस्त केलेलं रूप थोडं छाटलं.

बाकी राहिलेली कामं: कन्नड सबटायटल पेंटरांकडून तपासून घेणे. नाव दोन्ही लिप्यांत त्यांच्याच हातानं, कापडावर, इनॅमल रंगात, फॉन्ट नको. काकूंच्या मुलाखतीत पंख्याचा आवाज येतोय, तो कमी होतो का बघणे. फाउंड्रीच्या मालकांना कट दाखवणे. काकांनी नवीन कथा लिहिलीय, तिची झेरॉक्स मागून घेणे; फिल्म काढायला येणाऱ्या पोरांवर आहे म्हणतात, आणि चित्रं भाचीकडे दिलीत.